चावरी प्रेस

“पॅनल बदलायचा की नाही, तेवढं एका शब्दात सांगा, ताई. बाकीचं इंग्रजी मला नको,” जगदाळेशेठ म्हणाले.

त्यांच्या शेजारी चाकणच्या कंपनीचे चव्हाण उभे होते, हातात टॅब घेऊन. “बदलायलाच लागेल, शेठ. किटकॅट फ्यूज आहेत. आमच्या स्टँडर्डमध्ये डायरेक्ट एनसी बसतो.” एनसी म्हणजे नॉन-कन्फर्मिटी. सरळ मराठीत नापास.

दोघं माझ्याकडे बघत होते. मी विजेच्या पॅनलसमोर उकिडवी बसून आत टॉर्च मारत होते. मला एका शब्दात उत्तर देता आलं असतं तर मी ऑडिटर झाले नसते, ज्योतिषी झाले असते. “अजून बघतेय,” म्हटलं.

माझं काम इलेक्ट्रिकल सेफ्टी ऑडिटचं. कारखान्यात जायचं, वायरिंग, पॅनल, अर्थिंग तपासायचं आणि माणसाला, मालाला धोका कुठे आहे ते लिहून द्यायचं. ऑफिस चिंचवडला स्टेशनजवळ, पण दिवस जातो भोसरी, चाकण, निघोजे करत. सुरुवातीची बरीच वर्षं मी पिंपरीतल्या एका कंपनीत मेंटेनन्सला काढली. मी पॅनलरूममध्ये गेले की लोकांना वाटायचं, एचआरची बाई वाट चुकली. आता वाटत नाही. आता मला बघून लोक चहा मागवतात आणि फुटके प्लग लपवतात.

जगदाळेशेठचं प्रेस शॉप भोसरीत. पत्र्याचे ब्रॅकेट, क्लॅम्प असला माल. माणूस साताऱ्याकडचा. टर्नर म्हणून इकडे आला, पत्रा दाबून कापणारी एक सेकंडहँड प्रेस घेतली आणि तिच्यावर हा शेड उभा केला. चाकणची कंपनी त्यांचं मोठं गिऱ्हाईक. जुन्या मॉडेलचं काम संपत आलं होतं आणि नव्या पार्टची ऑर्डर तोंडाशी होती. कंपनीची अट एकच: बाहेरच्या ऑडिटरचा इलेक्ट्रिकल सेफ्टी रिपोर्ट सोमवारी सकाळी हवा. रिपोर्ट नाही तर ऑर्डर दुसऱ्याला. ती गेली असती तर निम्म्या प्रेस बंद आणि त्यांच्यावरची माणसं घरी. तो शनिवार होता.

दसरा नुकताच होऊन गेला होता. मशीनवर झेंडूचे हार सुकलेले, पण तसेच. शॉप मात्र असं चकाचक, की मी बूट बाहेर काढायचेच बाकी ठेवले होते. मशीन हिरवीगार, रेलिंग पिवळं, पाइप निळे. दरवर्षी खंडेनवमीच्या आधी सगळ्या शॉपला रंग द्यायचा, हा जगदाळेंचा शिरस्ता. आपल्या पट्ट्यात बरेच जण देतात, पण हौसेने पुट्टी-प्रायमर करून देणारे थोडे. मी तसं म्हणालेही. शेठ खूश झाले. “ज्या लक्ष्मीनं घास दिला, तिला नवं लुगडं नको का, ताई?”

आता पॅनलचं. किटकॅट फ्यूज म्हणजे पांढऱ्या चिनी मातीचा, आत बारीक तार घातलेला. जुन्या घरांत अजून दिसतो. करंट जास्त झाला की तार वितळते आणि लाइन तुटते. आज नवीन शेड बांधला तर मी असला पॅनल पास करणार नाही. त्याहून चांगल्या वस्तू आल्या आहेत. पण हा पॅनल बसवला तेव्हा तो नियमात होता. मग आजच्या फुटपट्टीने त्याला मोजायचं की त्याच्या काळच्या?

या प्रश्नावर आमच्या धंद्यात दोन टोकं आहेत. एक म्हणतो, जुनं ते सगळं भंगार, काढा. दुसरा म्हणतो, इतकी वर्षं चाललं ना, मग हात कशाला लावता. मला दोघांचाही कंटाळा येतो. मी बघते ते इतकंच, की ही वस्तू आज, या लोडवर, या माणसांच्या हाताखाली कुणाला मारू शकते का? मारू शकत असेल तर आत्ता बंद. मारणार नाही पण दमली असेल तर मुदत घालून बदला. आणि नुसतीच म्हातारी दिसत असेल तर तसं लिहून पुढे जा.

जगदाळेंच्या पॅनलची केबल गरम नव्हती. लोड वाढलेला नव्हता. फ्यूजमध्ये तार ज्या जाडीची हवी तीच होती. लोक तिथे जाडजूड तांब्याची तार ठोकतात, मग काहीही झालं तरी फ्यूज उडत नाही आणि मालकाला वाटतं वायरमन हुशार आहे. इथे तसलं काही नव्हतं. पॅनलचं दार लागत होतं, उघडी लाइन कुठे दिसत नव्हती.

“पॅनल म्हातारा आहे, पण धडधाकट आहे,” मी उठत म्हणाले. “वर्षभराची मुदत देते. सोमवारपर्यंत बदलायची गरज नाही. हँडड्रिलच्या सॉकेटना मात्र लीकेज ब्रेकर लावा, करंट जरा गळला की लाइन तोडणारा. तो आजच बसेल.”

जगदाळेंनी टोपी काढून घाम पुसला. चव्हाणांना ते पटलं नाही. “मॅडम, चेकलिस्टमध्ये ‘वर्षभर’ असा कॉलम नाहीये.”

“मग करा की एक. टॅबच आहे, दगडावर थोडंच कोरलंय?”

चव्हाण हसले. माणूस वाईट नव्हता. त्यालाही वर बॉस होता. मी ते माझ्या सहीने लिहून द्यायचं असं ठरलं. जगदाळेंनी लगेच भजी सांगितली. त्यांच्या हिशेबी ऑडिट संपलं होतं.

भजी येईपर्यंत मशीनच्या रांगेतून एक चक्कर मारली. माझी सवय आहे. पॅनलपेक्षा माणसं कशी उभी राहतात ते बघायचं. रांगेच्या शेवटच्या प्रेसवर शालनबाई होत्या. लातूरकडच्या, कॉन्ट्रॅक्टवर. बाकी सगळ्यांच्या पायाखाली फरशी. यांच्या पायाखाली लाकडी फळी.

“फळी कशाला हो, ताई?”

“खाली गार लागतंय.”

ऑक्टोबर हीट चालू होती. माझ्या मानेवरून घाम ओघळत होता. मी वाकून फळी पाहिली. शेजारच्या प्रेसवरचा एक जण हसून म्हणाला, “अवो मॅडम, ती चावरी प्रेस हाय. नव्या माणसाला आमी आधी तिलाच हात लावायला लावतो.”

आणि हसले सगळे. ज्या मशीनला माणसं लाडाने चावरी म्हणतात, ते मशीन एक दिवस असं चावतं, की सोडतच नाही. हे मी पाहिलेलं आहे आणि त्याबद्दल इथे लिहिणार नाही.

“कधीपासून चावतंय?” मी शालनबाईंना विचारलं.

“गौरी-गणपतीपासून आसंल. चालू झाल्यावरच चावतंय. फळीवर उभं राह्यलं की नाही चावत.”

“सांगितलं नाही कुणाला?”

“सांगितलं की. मोरे भाऊनी मोटर चेक केली. मनले, काईच नाही, ओके हाय. मग मीच ही फळी आनली.”

मोरे म्हणजे शॉपचे वायरमन. त्यांना बोलावलं. ते खरंच चेक करून बसले होते. मेगर लावला होता. मेगर म्हणजे वायरवरचं आवरण फाटलंय का ते सांगणारं यंत्र. त्यांनी माझ्यासमोर पुन्हा लावून दाखवला. प्रेस बंद, रीडिंग उत्तम. “बघा मॅडम. बाईंना जरा भीती वाटते, दुसरं काय?”

“आता चालू करा,” मी म्हणाले. “आणि सगळे चार हात लांब.”

माझ्या व्होल्टमीटरची एक वायर प्रेसच्या अंगाला लावली, दुसरी पॅनलमधल्या अर्थिंगच्या मुख्य पट्टीला. हातात रबरी ग्लोव्ह्ज होते. प्रेस उभी होती तोवर मीटर शून्य. फ्लायव्हील, म्हणजे प्रेसचं जड चाक, फिरायला लागलं, सगळं धड हादरायला लागलं आणि मीटरचा आकडा उडी मारून असा वर गेला, की मोरेंनी मीटर माझ्या हातातून घेऊन पुन्हा लावून पाहिला. तोच आकडा. घरातल्या सॉकेटमध्ये बोट घालण्याच्या जवळपासचा मामला होता. मी मेन ओढला.

शालनबाई लांब उभ्या राहून बघत होत्या. त्यांच्या पायांत रबरी स्लीपर, प्रेससमोर त्यांची फळी. कारखान्यातली सगळी सेफ्टी तेवढीच होती.

आता सामान्य वाचकाला प्रश्न पडेल, की मशीनच्या अंगात करंट उतरला तर फ्यूज का उडाला नाही? रास्त प्रश्न. मशीनच्या अंगापासून जमिनीत पुरलेल्या अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत लोखंडी पट्टी जाते. करंट अंगात उतरला की त्या पट्टीने जोरात खाली पळतो, फ्यूजची तार वितळते, लाइन तुटते. मोठ्या मशीनला अशा दोन पट्ट्या लागतात, एक तुटली तर दुसरी असावी म्हणून. जगदाळेंच्या प्रत्येक प्रेसला दोन पट्ट्या होत्या. सुंदर हिरव्या रंगवलेल्या. अर्थिंगच्या खड्ड्यांचं सर्टिफिकेटही होतं आणि ते खरं होतं, मी सकाळीच खड्डे तपासले होते. खड्डा चांगला, पट्टी शाबूत. मग अडलं कुठे?

मी पाना मागितला आणि पट्टीचा बोल्ट खोलला. पट्टीच्या मागच्या बाजूला रंग. पट्टी जिथे टेकते त्या मशीनच्या जागेवर रंग. बोल्टच्या आट्यांतसुद्धा रंग. चाकूने खरवडलं. हिरव्याखाली जुना हिरवा, त्याखाली करडा, त्याखाली तांबडा प्रायमर. कांद्यासारखे पापुद्रे निघत होते. लोखंडाला लोखंड कुठेच लागत नव्हतं. मधे कित्येक दसऱ्यांचा ऑइल पेंट बसला होता.

“पट्टी खोलून रंगवता?” मी मोरेंना विचारलं.

“म्हणजे काय! वरवरचा नाही देत आम्ही. पट्टी काढून, मागून-पुढून देतो आणि परत कसतो. नाहीतर मागे गंज धरतो ना.” सांगताना त्यांना अभिमान होता, आणि अर्ध्या वाक्यातच त्यांच्या लक्षात आलं. “च्यायला,” ते एवढंच म्हणाले.

आळशी माणसाच्या शॉपमध्ये हे झालं नसतं. आळशी पेंटर पट्टीवरूनच ब्रश फिरवतो, मागचा जोड तसाच राहतो आणि अर्थिंग चालू राहतं. हे घडायला नीटनेटकी माणसंच लागतात. बाकीच्या प्रेस तपासल्या. एखाददुसरी सोडली तर सगळीकडे तेच.

मी जगदाळेंना म्हणाले, “शेठ, सगळ्या प्रेस बंद करा. आत्ता.”

भज्यांची प्लेट त्यांच्या हातात होती. ती त्यांनी टेबलावर ठेवली नाही, टाकली. “अवो ताई, आत्ताच म्हणालात पॅनल धडधाकट आहे! आज रात्री चाकणला माल जायचाय. आधीच्याच ऑर्डरचा. तो नाही गेला तर नवी कोण देतंय मला?”

“पॅनल ठीकच आहे. मशीनना अर्थिंगच नाही.”

“सोमवारी करतो. रिपोर्ट द्या, माल जाऊ द्या, सोमवारी सगळं खरवडतो. शब्द देतो.”

“आणि तोवर कुणी चिकटलं तर?”

“इतकी वर्षं नाही चिकटलं कोण!” मग आवाज चढला. “तुम्ही लोक येता आणि नवे नवे नियम आमच्या जुन्या शॉपला लावता. उद्या म्हणाल दसरा करू नका. पूजा केलेल्या मशीनला चाकू लावायचा? आठवडा झाला नाही अजून. अपशकुन करायला बोलावलं का तुम्हाला?”

इथे माझं डोकं फिरलं. मी सहसा साइटवर आवाज चढवत नाही, पण त्या दिवशी चढला. “नवा नियम? शेठ, मशीनला दोन पट्ट्या आणि त्या नीट जोडलेल्या, हा नियम तुमचा शेड उभा राहिला त्याच्या आधीचा आहे. माझ्या जन्माच्या आधीचा आहे. तुमच्या पॅनलला मी नवी फुटपट्टी लावली नाही, म्हणून भजी मागवलीत. आता जुनी लावतेय, तर त्यातच नापास आहात. मी सही करून घरी जाईन, जेवेन, झोपेन. आणि ही बाई उद्या त्या फळीवरून घसरली तर?”

चव्हाण हळूच म्हणाले, “मॅडम, मी इथे उभा आहे. मला हे वर कळवायला लागेल.”

“कळवा. बंद केलं हेही कळवा.”

जगदाळे ऑफिसात जाऊन बसले. काचेतून दिसत होते. डोकं हातात धरलं होतं. मला वाईट वाटलं नाही असं नाही. स्वतःच्या हिमतीवर उभा राहिलेला माणूस होता आणि मी त्याचं दुकान शनिवारी दुपारी बंद करत होते. पण ते उठले, बाहेर आले आणि कुणाकडे न बघता म्हणाले, “मोरे, मेन पाडा. सगळ्यांना पॉलिश पेपर द्या.”

शनिवारची संध्याकाळ आणि रविवार, सगळं शॉप खरवडत होतं. ऑपरेटर, पॅकिंगच्या बायका, स्वतः शेठ. काम अवघड नव्हतं. प्रत्येक जोड उघडायचा, रंग पार लोखंडापर्यंत काढायचा, स्वच्छ वॉशर घालून कसायचं आणि मी मीटरने तपासायचं. रंग द्यायचाच असेल तर कसल्यावर वरून. चव्हाण रविवारीही आले. सुट्टी होती त्यांची. येताना मोशीच्या ट्रॅफिकला शिव्या घालत आले, पण आले.

शेवटी चावरी प्रेस राहिली. दोन्ही पट्ट्या पक्क्या झाल्या होत्या. मोटर बंद असताना मेगर अजूनही उत्तम दाखवत होता. म्हणजे दोष आत कुठेतरी होता आणि मशीन हादरल्याशिवाय तो तोंड दाखवत नव्हता. मी सगळ्यांना लांब उभं केलं आणि मोरेंना लांबूनच चालू करायला सांगितलं. फ्लायव्हील फिरलं. धड हादरलं. पॅनलमध्ये फट्ट असा आवाज झाला आणि प्रेस थांबत गेली. फ्यूज उडाला होता.

“झालं!” जगदाळेंनी कपाळावर हात मारला. “चालू मशीन बंद पाडलीत, ताई. दोन दिवस घासून हे मिळालं?”

“हेच पाहिजे होतं,” मी म्हणाले. “गणपतीपासून जे रोज व्हायला हवं होतं, ते आज पहिल्यांदा झालं.”

मोरेंनी मोटरकडे जाणारा पाइप उघडला. पाइपच्या तोंडाशी कड धारदार होती. मशीनच्या हादऱ्याने वायर तिच्यावर घासून घासून एका जागी तांबं उघडं पडलं होतं. बंद असताना ती कडेपासून जराशी सुटी राहायची, चालू झाली की चिकटायची. मोरे, बिचारे, बंद मशीन तपासत राहिले. त्यांनी वायर बदलली, पाइपच्या तोंडाला रबर बसवलं, नवी फ्यूज तार घातली आणि चालू केलं. मीटर शून्यावर. शालनबाईंनी आधी बोटाच्या मागच्या बाजूने हळूच स्पर्श केला, मग पूर्ण हात ठेवला. “नाही चावत,” त्या म्हणाल्या आणि पायाने फळी बाजूला सारली.

जगदाळे उघडी पडलेली वायर हातात घेऊन बघत होते. मग माझ्याकडे न बघताच बोलले.

“ह्या प्रेसला दसऱ्याला माझ्या नातीनं कुंकू लावलं. कडेवर घेतलं होतं मी. दोन्ही हातांनी माखलं पोरीनं.” वायर खाली ठेवत म्हणाले, “पूजेला मशीन बंद असतात म्हणून.”

मी मीटर बॅगेत भरला.

रिपोर्ट सोमवारी सकाळी गेला. पॅनलला मुदत, अर्थिंग दुरुस्त, दोष सापडला आणि काढला, असं सरळ लिहिलं. आधीचा माल उशिरा पोचला म्हणून जगदाळेंना चाकणला जाऊन बोलणी खावी लागली. चव्हाणांनी त्यांची बाजू घेतली असं नंतर कळलं. नवी ऑर्डर मिळाली. पॅनल मुदतीच्या आत बदलला गेला. शालनबाई तिथेच आहेत.

मला लोक अजून विचारतात, जुन्या कारखान्याला नवे नियम लावायचे का? वाद घालायला विषय चांगला आहे, मीही घालते. पण मशीनला रंग द्या, हार घाला, नारळ फोडा, पट्टीच्या बोल्टखाली मात्र लोखंडाला लोखंड लागलं पाहिजे. हे नव्या नियमात आहे आणि जुन्यातही होतं.